शांत डोळ्याची राखण

घोड्याच्या वरच्या पापणीचे केस कोणत्या दिशेला रोखलेले असतात, हे साठीला पोहोचेपर्यंत मी कधी निरखून पाहिले नव्हते. डोळा निरोगी असेल तर ते जवळजवळ आडवे, पाहणाऱ्याच्या दिशेने आलेले दिसतात. डोळा आतून दुखू लागला की पापणी जरा खाली येते आणि ते केस जमिनीकडे झुकतात. पाणी गळू लागण्याआधी, डोळा मिटण्याआधी, पुष्कळदा एवढीच खूण मिळते. पहाटे वैरण टाकण्यापूर्वी मी माझ्या हरणी घोडीच्या तोंडासमोर उभा राहतो आणि ते केस पाहतो. हा नेम आता पाचव्या वर्षात आहे. तिच्या दुखण्याची पहिली दोन वर्षे तो पाळण्याची अक्कल मला नव्हती, आणि या लेखात जे सांगायचे आहे ते बरेचसे त्या दोन वर्षांविषयीच आहे.

आमचे गाव कर्नाटकातल्या चिकोडी तालुक्यात, कृष्णेच्या काठी आहे. वडिलांचा टांगा होता. माघात चिंचलीला मायाक्काची यात्रा भरली की स्टेशनवर उतरलेली कोल्हापूर-सांगलीकडची माणसे ते देवळापर्यंत पोहोचवीत. टांगा गेला, वडीलही गेले, आणि मी मराठी शाळेत मास्तर झालो. पण दावणीला घोडे असावे ही खोड अंगातून गेली नाही. निवृत्तीला थोडी वर्षे उरली असताना, 2016 मध्ये, अकलूजच्या घोडेबाजारातून मी ही कुमैत घोडी आणली. कपाळावर पांढरा टिळा, अंगाने लहानखुरी, भीमथडीच्या तट्टांसारखी काटक. विकणाऱ्याने तिचे दात उघडून वय दाखविले, टापा उचलून दाखविल्या, अंगावरचे भोवरे मोजून मानेवरचा देवमण, म्हणजे शुभ मानलेला भोवरा, दाखविला आणि दुडक्या चालीने तिला दोनदा फिरविले. तिच्या डोळ्यात मात्र त्यानेही पाहिले नाही आणि मीही नाही. डोळे उघडे होते, चमकत होते. आणखी काय पाहायचे असते, असेच तेव्हा वाटले.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेला महापूर आला. चिकोडी, रायबाग, अथणी या तालुक्यांतील नदीकाठ पाण्याखाली गेला. आमच्या पागेत छातीइतके पाणी होते. हरणीला आम्ही आधीच उंचावरच्या एका शाळेच्या पटांगणात हलविले होते, पण पाणी ओसरल्यावर ती परत आली ती चिखलात, कुजलेल्या कडब्यात आणि उंदरांच्या राज्यात. उसाच्या फडातले सगळे उंदीर जणू गावात वस्तीला आले होते. हे आज मुद्दाम सांगण्याचे कारण पुढे येईल. त्या वेळी आम्ही भिंती उभ्या राहिल्या याच आनंदात होतो.

पुढच्या फेब्रुवारीत एका सकाळी अण्णांनी मला हाक मारली. अण्णा म्हणजे आमचे म्हातारे मोतद्दार, घोड्याची निगा राखणारे. वडिलांच्या वेळेपासूनचे, घरात कानडी बोलणारे आणि घोड्याशी मराठी.

"गुरुजी, उजवा डोळा मिटतीया बघा. काडी लागली असंल."

डोळ्यातून पाण्याची धार लागली होती आणि गालावरचे केस ओले होऊन चिकटले होते. पापणी वर करून पाहिली तर काळेभोर बुबुळ निळसर, धुक्यासारखे दिसत होते. अण्णांनी कमरेची पिशवी काढली, तंबाखूची चिमूट तोंडात टाकून चघळली आणि मी काही म्हणायच्या आत त्या रसाची पिचकारी घोडीच्या डोळ्यात सोडली. निपाणीच्या तंबाखूच्या या पट्ट्यात जनावराच्या डोळ्यावर हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. कुणी तंबाखूऐवजी मीठ चावून गुळणी टाकते. हरणीने मान अशी झटकली की अण्णा दावणीवर आदळले. तिसऱ्या दिवशी डोळा उघडला, आठवड्यात निळसरपणा ओसरला, आणि तंबाखूला गुण आला हे घरातल्या सर्वांनी मान्य केले. मीही केले. या रोगाचा झटका काही काळाने पुष्कळदा आपणहून ओसरतो, आणि त्यामुळे त्या वेळी जे काही डोळ्यात घातलेले असेल त्याला यश मिळते, हे मला पुढे कळायचे होते.

दुसरा झटका जूनमध्ये आला. या वेळी मी पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलाविले. तरुण गृहस्थ, बोलणे कानडी वळणाचे, मला "गुरुगळे" म्हणणारे. त्यांनी पागेचे दार लावून अंधार केला आणि बारीक टॉर्चचा झोत डोळ्यावर आडवा टाकला. प्रथम त्यांनी शोधला तो जंत. आपल्याकडे गाईगुरांच्या पोटाच्या पोकळीत राहणारा सेटारिया नावाचा एक धाग्यासारखा जंत असतो. डासांमार्फत तो घोड्यात शिरतो आणि वाट चुकून कधीकधी डोळ्याच्या पुढच्या पाण्यात येऊन वळवळू लागतो. पांढरा जिवंत दोरा डोळ्यात पोहताना दिसतो, असे त्यांनी सांगितले. हाच जंत घोड्याच्या मज्जारज्जूत शिरला की मागचे पाय लुळे पडतात, ज्याला जुनी माणसे कुमरी म्हणतात. आमच्या डोळ्यात जंत नव्हता. नंतर त्यांनी नारिंगी रंगाची कागदाची पट्टी भिजवून डोळ्याला टेकविली, निळा प्रकाश टाकला आणि हिरवा डाग कुठे उमटतो का ते पाहिले. डाग नव्हता. म्हणजे वरच्या पटलावर जखम नव्हती. आग आत होती.

त्यांनी नाव सांगितले: रिकरंट युव्हिआयटिस. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा आणि त्याच्या मागचा रक्तवाहिन्यांनी भरलेला थर यांना पुन्हा पुन्हा सूज येते. शरीराची संरक्षक यंत्रणाच डोळ्यावर उलटते आणि एकदा उलटली की ती गोष्ट विसरत नाही. जगभर घोड्यांना अंधत्व येण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. इंग्रजीत याचे जुने नाव मून ब्लाइंडनेस, कारण चंद्राच्या कलांप्रमाणे हा डोळा जातो आणि येतो अशी तिकडे समजूत होती. हे ऐकताच कोपऱ्यात उभे असलेले अण्णा विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहू लागले, कारण हिला पुनव बाधते हे ते चार दिवस सांगतच होते.

पुराचा विषय डॉक्टरांनीच काढला. लेप्टोस्पायरा नावाचे जंतू उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात उतरतात, तिथून जनावराच्या अंगात शिरतात, आणि साधा ताप येऊन गेल्यावर महिन्यांनी, कधी वर्षांनी, डोळ्याचे हे दुखणे सुरू होऊ शकते. हरणीच्या बाबतीत तसेच झाले हे त्यांनी छातीठोकपणे सांगितले नाही. रक्ताची तपासणी जंतूशी पूर्वी कधी गाठ पडली होती एवढेच सांगते, डोळ्यातल्या गोष्टीचा पुरावा तिच्यातून मिळतोच असे नाही. पण त्या दिवसापासून हरभऱ्याची पोती लोखंडी पिंपात गेली, पिण्याची टाकी दर आठवड्याला घासली जाऊ लागली, पागेमागचे डबके मुरूम टाकून बुजविले आणि घरात दोन मांजरे आली.

उपचार सांगायला सोपे होते. सूज उतरविण्यासाठी स्टिरॉइडचे थेंब, दुखणे व आतली आग कमी करण्यासाठी फ्लुनिक्सिन, आणि बाहुली मोठी करण्यासाठी अॅट्रोपिन. हे शेवटचे औषध का, हे त्यांनी माझ्या वहीत चित्र काढून समजाविले. घोड्याची बाहुली आडवी, लांबट असते. सूज आली की ती आवळून बारीक फटीसारखी होते, आणि तशीच राहिली तर रंगीत पडदा मागच्या भिंगाला चिकटतो. चिकटला की सुटत नाही, आणि सुटलाच तर भिंगावर तपकिरी ठसे ठेवून जातो. म्हणून बाहुली उघडी ठेवायची. चित्र पाहताना मी घाबरून विचारले की बाहुलीच्या वरच्या कडेला ज्या काळ्या गाठी लोंबताना दिसतात त्या कसल्या. डॉक्टर हसले. त्या प्रत्येक घोड्याच्या डोळ्यात असतात. डोळ्यावर येणारे प्रखर ऊन अडविण्यासाठी निसर्गाने केलेला तो सज्जा आहे. पन्नास वर्षे घोड्यांच्या संगतीत काढून मी तो सज्जा पहिल्यांदा पाहिला होता.

करायला मात्र हे सारे कठीण होते. घोड्याच्या पापणीचा स्नायू इतका बळकट असतो की मिटलेला डोळा अंगठ्याने उघडता येत नाही, आणि दुखणारा डोळा तर नाहीच. दिवसातून सहा वेळा थेंब. पहिल्या दिवशी म्होरकी धरून अण्णा, कान धरून पुतण्या आणि बाटली घेऊन मी, अशी तिघांची फौज होती. तिसऱ्या दिवशी हरणी आम्हाला लांबून पाहूनच भिंतीकडे तोंड करून उभी राहू लागली. अशा घोड्यांसाठी वरच्या पापणीतून बारीक नळी बसवून ती आयाळीत गुंफतात आणि मानेजवळून औषध सोडतात, अशी सोय असते; ती आम्हाला करावी लागली नाही, ती आमच्या घरच्यांमुळे, म्हणजे माझ्या पत्नीमुळे. हिने एक दिवस आम्हा तिघांना पागेबाहेर काढले. गुळाचा खडा डाव्या तळहातावर घेऊन ती नुसती उभी राहिली. दुसऱ्या दिवशी उजवा हात कपाळावर, तिसऱ्या दिवशी डोळ्याच्या वरच्या हाडावर. मग स्वच्छ धुतलेल्या तर्जनीच्या टोकावर मलम घेऊन, बाकीची बोटे गालावर टेकवून, ते बोट तिने खालच्या पापणीच्या आत अलगद सरकविले, आणि लगेच गूळ. बोटे गालावर टेकलेली असली म्हणजे मान हलली तरी हात मानेबरोबर हलतो आणि डोळ्याला बोट लागत नाही. यात शास्त्र केवढे होते आणि बाळाच्या डोळ्यात काजळ घालण्याचा सराव केवढा होता, ते मला सांगता येणार नाही.

अॅट्रोपिनने मला एक धडा वेगळाच दिला. मलम लावून हात न धुता मी चष्मा काढून डोळा चोळला. संध्याकाळपर्यंत माझी डावी बाहुली वाटाण्याएवढी झाली. पुढचा आठवडाभर मला त्या डोळ्याने वर्तमानपत्र वाचता आले नाही आणि अंगणातल्या उन्हात डोळा उघडवेना. तेव्हा लक्षात आले की बाहुली उघडून आम्ही हरणीला ज्येष्ठातल्या उन्हात तशीच बांधतो आहोत. त्याच रात्री हिने काळ्या शेडनेटचे दोन थर कापून, कडेला जुन्या साडीची किनार लावून, तिच्यासाठी अंधेरी शिवली. झापडांसारखी बाजू झाकणारी नव्हे, तर डोळ्यावर छपरासारखी उभी राहणारी, पापणीला कुठेही न टेकणारी. हे औषध घोड्याचे आतडेही सुस्त करते, म्हणून दिवसातून दोनदा तिच्या कुशीला कान लावून पोटातली गुरगुर ऐकायची आणि लिदीचे ढीग मोजायचे, हेही कामच होते. शेजारच्यांना वाटे की निवृत्तीमुळे मास्तरांचे डोके फिरले.

ती टाळेबंदीची वर्षे होती. एरवी आम्हाला मिरज तासाभराच्या अंतरावर, बेळगाव दूर. औषधपाणी सारे मिरजेचे. सीमेवरचे नाके बंद झाले आणि मिरज परदेश झाली. थेंबांची बाटली दुधाच्या गाडीतून, बर्फाच्या पिशवीत, तीन माणसांच्या हातांतून येई. त्या काळात आम्ही काटकसर शिकलो, आणि काटकसरीतूनच पुढचे संकट आले.

उरलेली बाटली मी जपून ठेवली होती. नोव्हेंबर 2021 मध्ये एका संध्याकाळी उजवा डोळा पुन्हा मिटलेला दिसला. तोवर तीन झटके होऊन गेले होते. पाणी, मिटलेली पापणी, निळसर झाक, सारे ओळखीचे होते. डॉक्टरांना फोन लावला तर ते परगावी होते. मी अण्णांना म्हणालो की आता यात विचारायचे काय आहे, आणि फळीवरची स्टिरॉइडची बाटली काढली. तीन दिवस मी नेमाने थेंब घातले. चौथ्या दिवशी बुबुळाच्या मध्याशी तांदळाच्या पेजेसारखा मऊ, पांढुरका ठिपका दिसला. डॉक्टर आले, त्यांनी नारिंगी पट्टी लावली, आणि निळ्या उजेडात जवळजवळ अर्धे बुबुळ हिरवे पेटले.

तो झटका नव्हता. उसाच्या वाढ्याच्या धारेने पटल कापले होते. हंगाम सुरू होता, वैरणीत वाढे होते, आणि त्या पानाची कड किती तीक्ष्ण असते हे या भागातल्या पोरासोरालाही ठाऊक असते. साधी जखम असती तर योग्य औषधाने बहुधा आठ दिवसांत भरली असती. स्टिरॉइडने तिची भरण्याची शक्तीच काढून घेतली, तिच्यात जंतू वाढले आणि पटल वितळू लागले. आतल्या सुजेवर जे औषध डोळा वाचविते, तेच वरच्या जखमेवर डोळा घालविते. दोन्ही दुखणी बाहेरून हुबेहूब सारखी दिसतात. त्यांच्यातला फरक त्या कागदाच्या पट्टीने सांगितला असता, आणि डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी माझ्यासमोर तिचा उपयोग का करतात ते समजाविले होते. मी ते वहीत लिहूनही घेतले होते.

पुढचे पाच आठवडे दर दोन तासांनी औषध. तिच्याच गळ्याच्या शिरेतून रक्त काढून, ते गोठल्यावर वर राहिलेले पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, डोळ्यात घालायचे होते, कारण त्यातले घटक पटलाचे वितळणे थांबवितात. त्या बाटल्या आमच्या फ्रिजमध्ये विरजणाच्या भांड्याशेजारी होत्या. डोळा फुटला नाही. जखम भरली, पण भरताना मधोमध पांढरा वण ठेवून गेली. आमच्याकडे म्हणतात तसे, डोळ्यात फूल पडले. फूल हा शब्द त्या गोष्टीला कुणी दिला असेल, त्याने कधी रोज सकाळी त्या फुलाकडे पाहिले नसावे.

या प्रसंगानंतर मी वही नीट ठेवायला लागलो. झटक्याची तारीख, तिथी, पाऊस, वैरण, लस, नालबंदी, दिलेले औषध, ते कधी कमी केले, कधी बंद केले. तिथीचा रकाना खरे तर अण्णांचा दावा खोडण्यासाठी होता. आजवरच्या नऊ नोंदी माझ्यासमोर आहेत: त्यांत एक पौर्णिमा आहे, एक अमावास्येच्या आदला दिवस आहे, आणि बाकी सात चतुर्थी, दशमी, षष्ठी अशा कुठेही विखुरलेल्या आहेत. अण्णांना मी हे वाचून दाखविले. ते म्हणाले, "एक पुनव हाय न्हवं?" वहीने अण्णांना काही शिकविले नाही, पण मला शिकविले. नऊपैकी चार झटके मी थेंब बंद केल्यानंतरच्या तीन आठवड्यांत आले होते. डोळा स्वच्छ दिसला की मी हात आखडता घेत होतो. डॉक्टरांनी हेही सांगितले होते: डोळा बरा दिसू लागल्यावरही औषध किमान दोन आठवडे चालू ठेवायचे आणि मग सहाचे चार, चाराचे दोन, दोनाचे एक, असे हळूहळू उतरवायचे. बाहेरून विझलेली आग आत राखेखाली धुमसत असते. झटक्याच्या दिवसांत माणूस आपोआप धावपळ करतो, त्याला कुणी सांगावे लागत नाही. आळस होतो तो शांत दिवसांत, आणि डोळा जातो तो त्या आळसाने. थोडा थोडा, प्रत्येक खेपेला थोडा.

उजव्या डोळ्याचे पुढे जे झाले ते थोडक्यात सांगतो. आत मोतीबिंदू धरला, पडदा भिंगाला चिकटला आणि 2022 च्या अखेरीस त्या बाजूने हात हलविला तरी ती दचकेनाशी झाली. अमेरिकेत अशा डोळ्यात सायक्लोस्पोरिनची चकती बसवितात आणि जर्मनीत डोळ्यातला पारदर्शक गर काढण्याची शस्त्रक्रिया करतात, हे डॉक्टरांनी सांगितले. दोन्ही गोष्टी आमच्या आवाक्याबाहेरच्या होत्या, आणि डोळा हातात असताना करायच्या होत्या. मग आतला दाब वाढला, डोळा टपोरा झाला. काचबिंदू. दृष्टी गेली होती, पण वेदना गेली नव्हती. डॉक्टर सारखा एकच कानडी शब्द वापरीत: नोवु. नोवु म्हणजे दुखणे. डोळा काढू या, असे ते म्हणाले.

मी पाच महिने नाही म्हणत राहिलो. कारण विचाराल तर सांगायला लाज वाटते. दरवर्षी ज्येष्ठात अंकलीच्या शितोळे सरकारांच्या वाड्यातून माउलींचे अश्व आळंदीला पायी निघतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो आणि दुसऱ्याच्या पाठीवर कुणीच नसते, तिथे माउली बसलेले असतात. पंचक्रोशी त्या दर्शनाला लोटते, आणि जवळपासची घोडेवाली मंडळीही आपापली घोडी सजवून रस्त्याच्या कडेला उभी करतात. हरणीला मी तिथे न्यायचो. रिकाम्या खाचेची घोडी घेऊन त्या रस्त्यावर उभे राहणे मला नको होते. लोक ऐब म्हणतील, अशुभ म्हणतील. पांढरे फूल पडलेला टपोरा डोळा निदान डोळा तरी होता. हा सगळा हिशेब माझा होता. त्यात घोडीचा एक पैसाही नव्हता.

घरातूनच कोंडी फुटली. एका दुपारी हिने मला पागेत नेले आणि काही न बोलता बाजूला उभी राहिली. हरणी कपाळ खांबाला टेकवून उभी होती. पुढे वैरण पडलेली होती. शेळीचे करडू तिच्या पायांत घुटमळत होते, एरवी ती त्याला हुंगते, आज हुंगत नव्हती. आम्ही बराच वेळ उभे होतो आणि त्या वेळात तिने खांबावरून कपाळ उचलले नाही.

एप्रिल 2023 मध्ये शस्त्रक्रिया झाली. घोडी उभीच होती. गुंगीचे औषध दिले, डोळ्याभोवतालच्या मज्जातंतूंना बधिर केले, आणि तिची जड झालेली मान मी व पुतण्याने गवताच्या गंजीवर तोलून धरली. तास-सव्वातासात पापण्या एकमेकींना शिवून टाकल्या. पाचव्या दिवशी ती तोबऱ्यातला हरभरा संपवून रिकामा तोबरा आपटू लागली. दोन आठवड्यांनी टाके काढले त्या संध्याकाळी तिला मळ्यात सोडले, तर ती चौखूर उधळली. सात-आठ महिन्यांत तिला कुणी धावताना पाहिले नव्हते. अण्णा बांधावर बसून राहिले. "एवढं दुखत हुतं हिला," असे ते दोनदा म्हणाले. मी काहीच म्हणालो नाही.

एका डोळ्याच्या घोड्याला सांभाळणे तसे अवघड नाही. घोड्याला डोके न हलविता जवळजवळ सगळीकडचे दिसते, त्यामुळे एक बाजू गेली की तिचे अर्धे जग जाते. पण ती ते मान वळवून भरून काढते. उजवीकडून जाताना आधी बोलायचे आणि मग हात लावायचा. पाण्याची टाकी, दावण, दाराची अडणी यांच्या जागा बदलायच्या नाहीत. तोंडावरच्या मिशा कातरायच्या नाहीत, कारण अंधाऱ्या बाजूला त्याच तिची बोटे आहेत. शेळीच्या गळ्यात घुंगरू बांधले आहे, म्हणजे ती कुठे आहे हे हरणीला कळते. वाढे आता आमच्या पागेत येत नाही. कडबा येतो तोही कुट्टी करून. ज्येष्ठात मी तिला रस्त्याच्या कडेला नेलेच. कोणी ऐब म्हटले असेल तर ते माझ्या कानावर आले नाही. एका वारकरी बाईने शिवलेल्या पापणीवरून हात फिरविला आणि ती पुढे गेली.

हा रोग पुष्कळदा दोन्ही डोळ्यांना धरतो. सप्टेंबर 2024 मध्ये डाव्या डोळ्याला पहिला झटका आला. या वेळी पट्टी पहिल्या दिवशी लागली, औषध अकरा आठवडे चालले, आणि बाहुली एका कडेला किंचित वाकडी राहिली, एवढ्यावर निभावले. तेव्हापासून एक अडचण मात्र आहे, जी मला आधी सुचली नव्हती. पूर्वी पापणीच्या केसांची तुलना मी दुसऱ्या डोळ्याशी करीत असे; समोर उभे राहिले की डावे-उजवे एका नजरेत कळे. आता तुलनेला दुसरा डोळा नाही. म्हणून डोळा शांत असताना, पहाटेच्या सारख्याच उजेडात, एकाच खांबापाशी उभे राहून मी फोनवर तिचा फोटो काढून ठेवतो. फोनमध्ये नातवंडांपेक्षा तिच्या डाव्या पापणीचे फोटो अधिक आहेत, अशी सुनेची तक्रार आहे.

आज पहाटे पाऊस होता. अण्णांनी कंदील धरला, मी कालचा फोटो उघडून तिच्या गालाजवळ नेला. फोनच्या उजेडाने तिने डोळा मिटला आणि आम्ही दोघेही थबकलो. मग तो तिने उघडला. वहीत लिहिले: केस सरळ, पाणी नाही, बाहुली कालच्यासारखी. अण्णांनी तिथी विचारली आणि मी तीही लिहिली.